कॉफीचा उतारा

आमच्या घरात कॉफी आजाऱ्यासाठी व्हायची, नाहीतर पाहुण्यांसाठी. उकळत्या दुधात इन्स्टंट कॉफीची पुडी, दोन चमचे साखर आणि वरून किसलेलं जायफळ. जायफळ नसेल तर ती कॉफीच नव्हे, हे आईचं मत आजही कायम आहे. रोजचा म्हणजे चहा. त्यामुळे माझ्या पुण्यातल्या भाड्याच्या वन बीएचकेच्या ओट्यावर एरोप्रेस, हातानं फिरवायचा ग्राइंडर, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि थर्मामीटर अशी रांग बघून आण्णांनी जे विचारलं, ते रास्तच होतं.

"लॅब टाकलीस काय रं?"

लॅब हा शब्द त्यांनी उगाच वापरला नव्हता. आण्णा सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात ३१ वर्षं होते. त्यातली शेवटची बरीच वर्षं पॅनमन म्हणून. पॅनमन म्हणजे काय, हे मला इंजिनिअरिंगला असतानाही नीट सांगता यायचं नाही. उसाचा रस स्वच्छ करून, आटवून त्याचा घट्ट पाक होतो. तो पाक मोठ्या बंद भांड्यात, म्हणजे पॅनमध्ये, हवा काढून घेऊन ६०-६५ अंशांवर उकळतात आणि त्यात साखरेचा दाणा धरतो. दाणा कधी धरायचा, किती वाढू द्यायचा आणि पॅन कधी सोडायचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे पॅनमन. मीटर असतातच, पण आण्णा नमुना काढून अंगठा आणि तर्जनीमध्ये पाकाची तार ओढून बघायचे, काचेच्या पट्टीवर पसरून उजेडात दाणा बघायचे. त्यांचं सगळं काम डोळ्यांचं आणि बोटांचं.

ते माझ्याकडे आले ते डोळ्यांसाठीच. मधुमेह जुना, पथ्य नावापुरतं, आणि दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला सूज. महिन्याला एक याप्रमाणे तीन इंजेक्शनं डोळ्यात घ्यायची होती. दर वेळी गावाहून एसटीनं ये-जा करण्यापेक्षा तीन महिने इथेच राहावं, असं ठरलं. घरी आजी असल्यामुळे आईला येता आलं नाही. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी नावाची तपासणी असते, ती ९.४ आली होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "इंजेक्शननं सूज उतरेल. साखर अशीच राहिली तर परत येईल. मग मी किती वेळा उतरवू?"

म्हणजे ३१ वर्षं साखर केलेल्या माणसाची साखर मी बंद करायची होती.

*

एरोप्रेसबद्दल थोडं सांगायला हवं. हे यंत्र नाहीच खरं तर. प्लॅस्टिकचं नळकांडं, त्यात घट्ट बसणारा रबरी टोकाचा दट्ट्या, आणि खाली जाळीचं झाकण. झाकणात कागदाची गोल चकती. नळकांड्यात दळलेली कॉफी आणि गरम पाणी घालायचं, ढवळायचं, थोडं थांबायचं, आणि दट्ट्या दाबायचा. डॉक्टरची मोठी सिरिंज म्हणा. ॲलन ॲडलर या अमेरिकन माणसानं ते २००५ मध्ये बाजारात आणलं. हा गृहस्थ त्याआधी एरोबी नावाच्या उडत्या रिंगसाठी प्रसिद्ध होता. त्याची रिंग २००३ मध्ये ४०६ मीटर लांब फेकली गेली होती. अशा माणसाला एक कप कॉफी नीट करता येईना म्हणून त्यानं हे बनवलं. २००८ मध्ये ऑस्लोत या उपकरणाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा स्पर्धक होते तीन. आता देशोदेशी होतात.

'प्रेशर' ऐकून लोकांना एस्प्रेसो आठवतो, पण तो गैरसमज आहे. हिशोब सोपा आहे. नळकांड्याचा आतला व्यास साधारण ६ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर. मी दट्ट्यावर १० किलोचा भार टाकला, तर दाब येतो चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३५ किलो. एस्प्रेसोला लागतो ९ बार. तेवढ्यासाठी दट्ट्यावर अडीचशे किलोच्या वर वजन ठेवावं लागेल, म्हणजे तीन-चार धडधाकट माणसं उभी करावी लागतील. एरोप्रेसमधला दाब फक्त पाणी चोथ्यातून आणि कागदातून लवकर बाहेर काढण्यापुरता. चव काढायचं काम गरम पाणी, वेळ आणि दळण हेच करतात. हे मला कळायला दीड वर्ष लागलं. तोवर मी जिममध्ये असल्यासारखा दट्ट्या दाबत होतो.

आण्णा यायच्या आधीची माझी कॉफी कशी होती? मला वाटायचं, उत्तम. माझ्याकडे स्प्रेडशीट होतं. तारीख, बिया, भाजणी, वजन, तापमान, सेकंद, आणि शेवटी १० पैकी गुण. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा डीबगिंगचा पहिला नियम मी पाळत होतो. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यातून हाताच्या ग्राइंडरवर आलो, तेव्हा सर्वांत मोठा फरक पडला. मिक्सरचं पातं बी कापतं, कुठेही, कसंही. त्यामुळे अर्धी कॉफी पीठ आणि अर्धी भरड होते. पिठातून कडवटपणा येतो आणि भरडीतून आंबटपणा, एकाच कपात दोन्ही. ग्राइंडरमध्ये दोन दातेरी चाकं असतात आणि त्यांच्यात अंतर ठरवता येतं. आपलं जातंच ते, फक्त स्टीलचं.

नळकांडं उलटं ठेवून करायची एक पद्धतही शिकलो होतो. दट्ट्या खाली, तोंड वर, म्हणजे पाणी आधीच गळून जात नाही. मग झाकण लावून सगळं एका झटक्यात कपावर उलटं करायचं. एकदा झाकणाचा आटा नीट बसला नव्हता. डाव्या मनगटावर त्याचा डाग अजून आहे.

पण एक गोष्ट स्प्रेडशीटमध्ये कुठेच नव्हती. माझ्या प्रत्येक कपात एक चमचा साखर असायची. ती 'स्थिर' असल्यामुळे मी तिला चल मानलंच नव्हतं.

*

आण्णांसाठी मी चहा बिनसाखरेचा सुरू केला. त्यांनी पहिल्या दिवशी कप बघितला, वास घेतला आणि अर्धा सिंकमध्ये ओतला. काही बोलले नाहीत. गोळीवाली साखर आणली, ती 'औषधासारखी लागते' म्हणून बंद झाली. आठवडाभरात त्यांनी चहाबद्दल बोलणंच सोडलं. मला वाटलं, सवय झाली.

मग एका शनिवारी कपडे मशीनला लावताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कागदाची पुडी सापडली. आत साखर. दोन-तीन चमचे असेल.

मी जे बोललो ते सगळं लिहीत नाही. आवाज चढला होता एवढं खरं. डोळे घालवायचेत का, मी रजा टाकून तुम्हाला दवाखान्यात कशाला नेतोय, लहान मूल आहात का. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. आण्णांनी पुडी माझ्या हातातून घेतली, दोन बोटांत चिमूट धरून चोळली आणि खाली बघत म्हणाले,

"एम हाय. दाणा बघत हुतो."

साखरेच्या दाण्याच्या आकारावरून प्रती असतात. एम म्हणजे मध्यम, एस म्हणजे बारीक. मला ते इतकं केविलवाणं निमित्त वाटलं, की मी आणखी चिडलो.

पुढचे दोन दिवस आण्णा माझ्याशी कामापुरतंच बोलले. चहा पूर्ण बंद केला. सकाळी उठून अंधारात गॅलरीत बसायचे. सोमवारी आईचा फोन आला. "चहा सोडलाय म्हणं त्यांनी. काय बोललास?" मी सांगितलं. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कारखाना बंद पडला तवा १९ महिन्यांचा पगार अडकला. तवा पण माणूस कुणाला एक शब्द बोलला न्हाई. असाच बसायचा. तू त्यांना कायतरी करून पाज बाबा."

*

करून काय पाजणार? घरात चहा आणि कॉफी सोडून मला काहीच येत नाही.

सुरुवात तिथून झाली. मला असा कप हवा होता, की जो साखरेशिवाय, दुधाशिवाय, आण्णा सिंकमध्ये ओतणार नाहीत. आरोग्याचं म्हणाल, तर कॉफीनं मधुमेह बरा होतो वगैरे माझं म्हणणं नव्हतं. एक फायदा मात्र ठाऊक होता. कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा तेलकट पदार्थ असतो, तो कोलेस्टेरॉल वाढवतो, आणि कागदी फिल्टर तो बराचसा अडवतो. आण्णांना कोलेस्टेरॉलची गोळी आहेच. म्हणून धातूची जाळी बाद, कागदच.

आधी मी स्वतःची साखर बंद केली. आणि पहिल्याच घोटात दीड वर्षाच्या स्प्रेडशीटचा निकाल लागला. माझी ८ गुणांची कॉफी कडू होती, घशाला धरणारी, आणि मागे राखेची चव. ज्या बगवर मी साखरेचा पॅच मारून ठेवला होता, तो बग पहिल्या दिवसापासून प्रॉडक्शनमध्ये होता.

आण्णांना पहिला कप दिला तेव्हा ते म्हणाले, "काढा बरा लागतो ह्यापेक्षा." पण प्याले. रागावलेला माणूस औषध पितो तसे.

सोपी गोष्ट आधी केली. बिया बदलल्या. मी चिकमगळूरच्या काळ्याकुट्ट भाजलेल्या बिया वापरत होतो, कारण 'स्ट्राँग' म्हणजे काळं असा समज. त्याच भागातल्या मध्यम भाजणीच्या आणल्या, भाजल्याची तारीख बघून. गडद भाजलेली बी ठिसूळ असते, पाण्याला चटकन सगळं देऊन टाकते, कडवटपणासकट. तिला ८०-८५ अंशांचं पाणी पुरतं. मध्यम भाजणीला थोडं जास्त लागतं. मी दोन्हींवर उकळतं पाणी ओतत होतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्यामुळे इथलं उकळतं पाणी ९८ अंशांचं असतं, एवढीच काय ती सूट.

फरक पडला. आण्णांचा अभिप्राय: "काढाच. पण पातळ."

*

दुसऱ्या इंजेक्शननंतरची गोष्ट. डोळ्याला पट्टी होती, दुसऱ्यानं धूसर दिसत होतं. मी ग्राइंडर फिरवत होतो. आण्णा उठून ओट्यापाशी आले, दळलेल्या कॉफीत बोटं घातली आणि चिमूट अंगठ्यावर चोळली. तीच दोन बोटं, तीच चोळण्याची पद्धत.

"ह्यात पीठ लई हाय," ते म्हणाले. "दाणा एकसारखा न्हाई. चाळून घे."

मी मोबाईलच्या टॉर्चखाली पांढऱ्या कागदावर कॉफी पसरून बघितली. त्यांनी न बघता जे सांगितलं होतं, ते मला बघून जेमतेम दिसत होतं. दाणे एकसारखे वाटत होते, पण कागद झटकला की मागे तपकिरी धूळ चिकटून राहत होती. ग्राइंडर कितीही चांगला असो, थोडं पीठ होतंच.

मला तेव्हा पुडी आठवली. दाणा बघत हुतो. डोळ्यांना दिसेनासं झालेलं बोटांना कळतंय का, हे आण्णा खरंच बघत होते. साखर खातही असणार, त्यात मला शंका नाही. पण दोन्ही खरं होतं आणि मी फक्त एकच ऐकलं होतं.

सॉरी म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. मी मैद्याची चाळण काढली. २० ग्रॅम दळून चाळली, तर २ ग्रॅम पीठ खाली पडलं. उरलेल्या १८ ग्रॅमची कॉफी केली. घशाला धरणारा तो खरखरीतपणा निम्म्यानं कमी झाला.

"कारखान्यात ग्रेडर असतोय," आण्णा म्हणाले. "हालत्या जाळ्या. दाणा वेगळा, पीठ वेगळं. एवढी मशिनं घेतलीस आणि चाळण लावली न्हाईस."

इतकं लांब वाक्य ते दोन आठवड्यांनी बोलले होते.

*

मग ते रोज ओट्यापाशी उभे राहू लागले. मी दट्ट्या दाबताना त्यांचं लक्ष आवाजाकडे असायचं. शेवटी पाणी संपून हवा चोथ्यातून निघते तेव्हा 'फुस्स' होतं. मी ते फुस्स संपेपर्यंत, अगदी जीव लावून दाबायचो. थेंबही वाया घालवायचा नाही.

"शेवटचा रस कशाला पिळतूस?" त्यांनी एकदा विचारलं.

मग त्यांनी मला मिल समजावून सांगितली. ऊस एकामागून एक चार-पाच मिलमधून जातो. पहिल्या मिलचा रस सर्वांत गोड आणि स्वच्छ. पुढे पुढे चिपाडात साखर कमी उरते, म्हणून शेवटच्या मिलच्या आधी चिपाडावर गरम पाणी मारतात. त्याला इम्बिबिशन म्हणतात. त्यानं उरलेली साखर निघते, पण सोबत मेण, डिंक, नको ते सगळं निघतं. शेवटच्या मिलच्या रसाची प्युरिटी सर्वांत कमी. पाणी फार गरम, फार जास्त झालं तर नको असलेलं वाढतं आणि वर ते पाणी आटवायला वाफ जाळावी लागते. "किती काढायचं ते ठरवाय लागतंय. सगळं काढतो म्हणलं की घाण पण येती."

मी हे इंटरनेटवर इंग्रजीत शंभर वेळा वाचलं होतं. कॉफीच्या बीमधला तीस टक्क्यांच्या आसपास भाग पाण्यात विरघळू शकतो, पण सगळा काढायचा नसतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट नावाच्या संशोधकानं जो तक्ता मांडला, त्यात १८ ते २२ टक्के हा पट्टा चांगला मानला आहे. आधी आंबट आणि सुगंधी द्रव्यं येतात, मग गोडसर, आणि कडवट, तुरट मंडळी रेंगाळत शेवटी. यासाठी इंग्रजीत 'एक्स्ट्रॅक्शन यील्ड' असा शब्द आहे. मराठीत तो सांगलीच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी असतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"म्हणजे उतारा," आण्णा म्हणाले.

टनामागे किती साखर निघाली, तो साखर उतारा. आमच्याकडे भाव उताऱ्यावर ठरतो, भांडणं उताऱ्यावरून होतात.

"किती येतो कॉफीचा उतारा?"

मोजायला हवं होतं. मी हातात धरायचा ब्रिक्सचा रिफ्रॅक्टोमीटर मागवला. आण्णांच्या ओळखीचं हत्यार. काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचं, भिंगातून बघायचं आणि निळा-पांढरा भाग जिथे मिळतात त्या रेघेवरचा आकडा वाचायचा. त्यांनी थेंब टाकला, झाकण हलकं दाबलं, गॅलरीत जाऊन उजेडाकडे धरलं. उजव्या डोळ्याला लावलं. मग डाव्या. मग परत उजव्या.

"रेघ दिसत न्हाई," ते म्हणाले आणि माझ्याकडे दिलं. "तू वाच."

मी वाचला. ४.२. आवाज जितका साधा ठेवता येईल तितका ठेवला. त्यांनीही विषय पुढे नेला. कॉफीत साखर नसल्यामुळे ब्रिक्सला साधारण ०.८५ नं गुणावं लागतं, म्हणजे विरघळलेला भाग ३.६ टक्के. कपात ९० ग्रॅम अर्क होता, म्हणजे त्यात ३.२ ग्रॅम कॉफी. १८ ग्रॅममधून ३.२.

"१८ च्या जवळ," मी म्हणालो.

"आपल्याकडं १२ आला की पेढं वाटायचे," आण्णा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी हसले.

*

त्यानंतर आमची पद्धत ठरत गेली. उलटं करायचा प्रकार त्यांनी मनगटावरचा डाग बघून बंद करायला लावला. नळकांडं कपावर सरळ ठेवायचं, पाणी ओतायचं, ढवळायचं आणि दट्ट्या वर बसवून केसभर मागे ओढायचा. आत हलकी निर्वात पोकळी होते आणि गळती थांबते. हे मी त्यांना समजावून सांगायला गेलो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती पुरेशी होती. आयुष्य व्हॅक्यूमवर काढलेला माणूस तो.

दाबायचं काम त्यांनीच घेतलं. माझा दाब एकदम यायचा. "फडक्यावर एकदम जोर दिला की गाळ घट्ट बसतोय, मग रस येत न्हाई, तू आणखी जोर देतूस." अगदी हेच होत होतं. जोर दिला की चोथा दबून घट्ट होतो, पाणी जिथे वाट मिळेल तिथून घुसतं, तेवढ्याच भागातून जास्त उतरतं आणि बाकीचा तसाच राहतो. आण्णा हाताचं वजन फक्त ठेवल्यासारखं करतात. दट्ट्या उतरतोय हे डोळ्यांना कळत नाही. ४० सेकंद लागतात. फुस्स सुरू झालं की हात बाजूला. दट्ट्याखाली थोडं पाणी राहिलं तरी राहू दे.

आणि सगळं पाणी चोथ्यातून काढायचं नाही. थोड्या पाण्यात घट्ट अर्क काढायचा आणि वरून साधं गरम पाणी घालून कप भरायचा. हे आमचं संशोधन नव्हे. ॲडलरसाहेब पहिल्यापासून असंच करायला सांगतात: कमी गरम पाणी, हलका दाब, मग वरून पाणी. डब्यातल्या कागदावर ते छापलेलं होतं. मी तो कागद न वाचता फेकला होता, कारण डॉक्युमेंटेशन कोण वाचतं.

एप्रिलमध्ये एकदा सगळं बिघडलं. तेच दळण, तेच तापमान, तेच हात, आणि कॉफी खडू विरघळवल्यासारखी सपाट. मी चार दिवस स्प्रेडशीटमध्ये डोकं घालून बसलो. बिया शिळ्या झाल्या? ग्राइंडर हलला? आण्णांनी आंघोळ करून आल्यावर विचारलं, "पाणी बदललंय काय? साबणाला फेस येईना." सोसायटीत नळाचं पाणी कमी पडून बोअरचे टँकर सुरू झाले होते. जड पाण्यातले क्षार कॉफीतल्या आंबटपणाला मारून टाकतात, आणि तो गेला की उरतो तो नुसता करडा रंग. अर्धं टँकरचं आणि अर्धं आरओचं पाणी मिसळलं, चव परत आली. सर्व्हर बदलला होता आणि मी कोड तपासत बसलो होतो.

तर कोणाला करून बघायची असेल त्यांच्यासाठी, आमचा कप असा: मध्यम भाजलेल्या २० ग्रॅम बिया, दळण बारीक रव्यासारखं, चाळून १८ ग्रॅम. कागद गरम पाण्यानं धुऊन घ्यायचा. ८८ अंशांचं १२० ग्रॅम पाणी. दहा सेकंद ढवळायचं, दट्ट्या बसवून दीड मिनिट थांबायचं. ४० सेकंदांत दाबायचं, फुस्स झालं की थांबायचं. वरून ९० ग्रॅम गरम पाणी. आणि दोन मिनिटं हात लावायचा नाही, कारण जिभेला चटका बसेल इतक्या गरम कॉफीत चव कळत नाही. थोडी निवली की गोडसरपणा वर येतो. साखरेसारखा नव्हे. भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळचा.

तो कप आण्णांनी पहिल्यांदा पूर्ण प्याला, त्या दिवशी ते काही म्हणाले नाहीत. मीच न राहवून विचारलं.

"प्युरिटी बरी आली," ते म्हणाले आणि कप धुवायला घेतला.

*

मे महिन्यात आण्णा गावी गेले. जायच्या आधी तपासणी झाली, ७.९. याचं श्रेय नवीन गोळ्यांना, सकाळच्या चालण्याला आणि माझ्या हातच्या बेचव भाज्यांना आहे. कॉफीनं फार तर दिवसातले चार चहा आणि आठ चमचे साखर हटवली. डाव्या डोळ्याची सूज बरीच उतरली आहे. उजव्याचं अजून सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, बघू.

त्यांना दुसरा एरोप्रेस घेऊन दिला. चाळण घरात होतीच. काट्यावरचे आकडे त्यांना अजून वाचता येत नाहीत, म्हणून आई शेजारी उभी राहून आकडे मोठ्यानं वाचते आणि आण्णा पाणी ओततात. दाबताना सेकंद मोजत नाहीत. हाताला कळतं म्हणतात.

परवा फोन केला तेव्हा मी विचारलं, कॉफी चालू आहे ना? आई म्हणाली, सकाळी चहा एकच, अर्धा चमचा साखर घालून, तेवढा मी देते, तू बोलू नकोस. मी बोललो नाही. दुपारी कॉफी.

"पण एक सांगू का," आई आवाज बारीक करून म्हणाली. "ते वर पाणी घालाय वळले की मी कपात जरा जायफळ टाकते. त्यांना कळत न्हाई."

मागून आण्णांचा आवाज आला. "कळतंय."